खिडकीबाहेरची तार

पितृपक्ष सरत आला की आमच्याकडे घराघरांतून बांबू बाहेर निघतात. घटस्थापनेच्या आधी घर झाडून-पुसून लख्ख झालेच पाहिजे, हा घरातल्या बायकांचा दंडक. आणि तो मोडण्याची छाती अजून तरी कुणा पुरुषाची झालेली नाही. माळ्यावरची भांडी अंगणात येतात, गोधड्या टाकीत भिजतात, आणि एका लांब बांबूच्या टोकाला केरसुणी घट्ट बांधून आढ्याची जळमटे काढण्याचा कार्यक्रम सुरू होतो. पूर्वी घरे कौलांची किंवा माळवदाची होती, तेव्हा हा बांबू घरातल्या घरातच फिरायचा. आता घरावर घर चढले आहे. वरच्या मजल्याला काचेच्या सरकत्या खिडक्या आल्या, पुढे गॅलरी आली, आणि काचा बाहेरूनही पुसायला हव्यात असे कुणीतरी ठरवून टाकले. तेव्हापासून बांबूचे टोक घराबाहेर पडू लागले. हल्ली तर बाजारात ओढली की लांब होणारी अॅल्युमिनियमची दांडी मिळते. टोकाला स्पंज, मागे रबरी वायपर. हलकी, चकचकीत आणि स्वस्त.

आमच्या गल्लीत एक काकू राहतात. साऱ्या गल्लीच्याच काकू. वीसेक वर्षांपूर्वी अशाच नवरात्राच्या आधीच्या एका सकाळी त्या गॅलरीत उभ्या राहून खिडकीची बाहेरची काच धूत होत्या. दांडी लोखंडी नळीची होती, पडद्याची काढून ठेवलेली. तिला फडके बांधलेले, फडके ओलेचिंब. काच त्यांच्या समोर होती आणि रस्ता पाठीमागे. फडके पिळण्यासाठी त्यांनी दांडी मागे ओढली. कोपऱ्यावरून जाणारी अकरा हजारांची लाईन त्या दांडीच्या मागच्या टोकाला कुठे भेटली, हे त्यांना आजही सांगता येत नाही. आम्ही ऐकला तो एक फटाका फुटल्यासारखा आवाज. मग गल्लीतली लाईट गेली.

काकू वाचल्या. उजव्या हाताची दोन बोटे गेली. डाव्या पायाच्या टाचेला एक जखम झाली, ती भरायला सहा महिने लागले. वीज हातातून शिरली आणि टाचेतून जमिनीत उतरली, असे डॉक्टरांनी सांगितले. पण त्या वेळी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काकू एकच वाक्य सांगत, ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. त्या म्हणत, ‘‘मी तारेला हात लावलाच नाही हो!’’

खरेच होते ते. आपण धोका मोजतो तो आपल्या हाताच्या लांबीने. तार दूर आहे, हात पोहोचत नाही, म्हणजे भीती नाही, असा आपला लहानपणापासूनचा हिशेब. हातात आठ फुटांची काठी आली की आपला हात दहा फुटांचा होतो, हे मनाला उमगतच नाही. शिवाय काठीला टोके दोन असतात. नजर असते ती काचेवरच्या डागावर, म्हणजे पुढच्या टोकावर. मागचे टोक आपल्या पाठीमागे हवेत कुठे फिरते आहे, इकडे कोण बघणार? खालून, रस्त्यावर उभे राहून वरची खिडकी पुसणाऱ्याची तऱ्हा याहून वाईट. आडवी आणलेली काठी उभी करताना ती क्षणभर डोक्यावर झोके घेते, आणि नेमका तोच क्षण घातकी असतो.

यावर गल्लीतले जाणते लोक म्हणतात, ‘‘वाळेल बांबू हाय, काई होत नाई.’’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा एकदा नीट समाचार घेतलाच पाहिजे. कोरडा ठणठणीत बांबू विजेला बराच अडवतो, हे खरे. घरातल्या २३० व्होल्टच्या तारेपासून कुणाला सोडवताना कोरडी काठी वापरतात ती त्याचमुळे. पण आपला खिडक्या पुसायचा बांबू कोरडा असतो कधी? केरसुणीवरून, फडक्यावरून ओघळणारे पाणी बांबूवरून थेट कोपरापर्यंत येते. त्यात साबण किंवा सोडा मिसळलेला, म्हणजे वीज वाहून न्यायला अधिकच सोयीचे. आणि बांबू कोरडा असला, तरी अकरा हजार व्होल्टपुढे त्याचा भरवसा धरता येत नाही. अॅल्युमिनियमच्या दांडीबद्दल तर बोलायलाच नको. वरच्या तारा ज्या धातूच्या, त्याच धातूची ती दांडी!

दुसरा समज पायातल्या चपलेचा. रबरी स्लीपर घातली की माणूस सुरक्षित, असे धरून चालणारे पुष्कळ. झिजलेली, भिजलेली, खिळा टोचलेली स्लीपर घरातल्या विजेलाही पुरती अडवील असे नाही. अकरा हजारांना तर नाहीच. तिसरा समज नव्या घरांतला आहे: आमच्याकडे झटका बसण्याआधी वीज तोडणारे बटण बसवले आहे. ते चांगलेच आहे, प्रत्येक घरात असावे. पण ते राखण करते आपल्या मीटरच्या अलीकडच्या वायरिंगची. रस्त्यावरच्या तारेतून येणारी वीज त्या बटणातून जातच नाही, मग ते पडणार कसे? आणि चौथा समज तारेवर बसलेल्या चिमणीचा. ती मरत नाही, मग आपण का मरू? चिमणीचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, जमिनीशी तिचा संबंध नसतो. आपला असतो.

किती वीज लागते माणूस मरायला? जुन्या शंभर वॅटच्या बल्बमधून जेवढा प्रवाह वाहतो, त्याच्या चौथ्या हिश्श्याने छातीतून वाट काढली, तरी हृदयाची लय बिघडू शकते. त्याहूनही थोड्या प्रवाहाने हाताचे स्नायू आवळले जातात आणि मूठ सुटत नाही. ‘करंट धरून ठेवतो’ असे आपण म्हणतो ते यालाच. धरतो तो करंट नव्हे, आपलीच मूठ.

आता प्रश्न असा, की तार खिडकीजवळ आली कशी? एमएसईबीने, म्हणजे २००५ पासूनच्या महावितरणने, ती आणून ठेवली, असे म्हणून आपण मोकळे होतो. कधी कधी ते खरेही असते. खांब वाकतात, तारा लोंबतात, तक्रारअर्ज फायलीत निजतात. पण आमच्या गल्लीपुरते मी खात्रीने सांगतो, की तार जागची हलली नाही, घरे तिच्याकडे चालत गेली. आमच्या जिल्ह्यात गावांच्या तऱ्हा निरनिराळ्या. बुलडाणा डोंगरावर, मलकापूर-शेगाव खाली पूर्णेच्या सपाटीत, खामगावची बाजारपेठ वेगळी, मेहकर-लोणारकडचा बोलण्याचा हेल वेगळा. गल्ल्या मात्र साऱ्या सारख्या. खांब रोवले तेव्हा बाजूला एकमजली घरे होती. मग मुलाचे लग्न झाले, वर खोली चढली. जागा अपुरी म्हणून गॅलरी रस्त्यावर दोन-अडीच फूट पुढे आली. मग रस्ता डांबरी झाला, त्यावर सिमेंटचा थर पडला, त्यावर दुसरा पडला. म्हणजे खालूनही जमीन तारेकडे सरकली. सगळ्यांनी थोडे थोडे अंतर खाल्ले. कुणीच फार खाल्ले नाही.

कायद्यात यावर तरतूद नाही असेही नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी घराच्या भिंतीपासून आडवे अंतर ठरवून दिले: साध्या दाबाची तार असो वा अकरा हजारांची, निदान १.२ मीटर. तेहतीस हजारांची असेल तर दोन मीटर. गच्चीवरून तार जात असेल तर साध्या दाबाला अडीच मीटर, वरच्या दाबाला ३.७ मीटर उंची. पुढे २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, त्यांनीही हेच आकडे ठेवले. तारेजवळ घर बांधायचे किंवा वाढवायचे तर आधी वीज कंपनीला लेखी कळवावे, असे १९५६ च्या त्याच नियमांतला ८२ वा नियम सांगत असे. आपल्यापैकी किती जणांनी मजला चढवताना असे पत्र दिले? मी दिले नव्हते. नगरपालिकेच्या नकाशात तारच दाखवलेली नव्हती, आणि मलाही कुणी विचारले नाही. पत्र देण्याचे एक दुखणेही आहे: तार हलवायचा खर्च बहुधा अर्ज करणाऱ्याच्याच माथी येतो. ज्याच्याकडे मजल्याच्या सळईलाच पैसे पुरत नाहीत, तो हा अर्ज कशाला करील!

पण मला खरी गोम वाटते ती त्या १.२ मीटरमध्येच. १.२ मीटर म्हणजे चार फूट. गॅलरीतून माणसाने हात लांब केला तर दोन-अडीच फूट जाईल, म्हणजे तार सुटली. आठ फुटांची दांडी घेतली, तर? कायद्याने अगदी बिनचूक, एक इंचही इकडेतिकडे न झालेली तार त्या दांडीच्या टप्प्यात येते. अंतराचा नियम उघड्या हाताला पुरतो, काठीला पुरत नाही. अमेरिकेत तारांजवळ काम करणाऱ्या सामान्य मजुरांसाठी नियम वेगळा आहे: माणूस आणि त्याच्या हातातली वस्तू, दोन्ही तारेपासून दहा फुटांच्या आत येता कामा नयेत. तिकडे खिडक्या धुणारे लोक आता शिडीवर न चढता जमिनीवरूनच लांब पोकळ दांड्यांतून पाणी सोडून तीन-चार मजले धुतात. त्या दांड्या पुष्कळदा कार्बन तंतूंच्या असतात. हलक्या खऱ्या, पण कार्बन वीज वाहून नेतो. गळाने मासे पकडण्याच्या काठ्याही त्याच जातीच्या, म्हणून तळ्याकाठी तारांखाली ‘येथे गळ टाकू नये’ अशा पाट्या लावतात. दहा फुटांचा नियम आपल्याकडे आणावा म्हटले, तर आमच्या जुन्या गावात मुळात गल्लीच दहा फुटांची! तिथे एकच उपाय उरतो: काठी बाहेर न्यायचीच नाही. किंवा उघडी तार काढून तिथे आवरणाची केबल टाकायची.

ही केबल, म्हणजे आवरण घातलेल्या तारांची एकत्र पिळलेली जुडी, बऱ्याच गावांतून आली आहे. ती टाकण्यामागे वीजचोरी थांबवण्याचा हेतू मोठा असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. उघड्या तारेवर आकडा टाकता येतो, जुडीवर येत नाही. गंमत पहा, आंबे पाडायची ती आकडी आणि वीज उचलायचा तो आकडा. बांबू मात्र तोच. माझे म्हणणे एवढेच, की जिथे चोरी जास्त तिथे आधी केबल, या हिशेबाबरोबर जिथे गॅलऱ्या तारेला भिडल्या तिथे आधी केबल, हाही हिशेब धरावा. चोरीने कंपनीचा पैसा जातो. गॅलरीत बाई जाते.

बाई म्हणतो, कारण घरात काठी असते ती तिच्या हाती. किंवा मग रोजाने आणलेल्या रंगाऱ्याच्या. दिवाळीच्या तोंडावर रंगाचे काम घेणारे हे लोक परगावचे. कोणत्या गल्लीत तार कुठून वळते ते त्यांना माहीत नसते. रोलरला दांडी जोडून ते भराभर भिंत उरकतात, कारण दुसऱ्या घरचे काम वाट पाहत असते. आपण त्यांना चहा विचारतो, रंगाचा डबा दाखवतो, तार दाखवत नाही. अपघात झाला की मग ‘त्याला कळायला नको होते काय?’ असे म्हणतो. घर आपले, तार रोज आपण पाहतो. कळायला हवे होते ते आपल्याला.

गावातली ही कथा शेतात गेली की अधिक उग्र होते, आणि आमच्या जिल्ह्यात शेताला वगळून कशाचाच विचार पुरा होत नाही. रब्बीत हरभरा-गव्हाला स्प्रिंकलर लागतात. त्यांचे पाईप सहा मीटरचे, म्हणजे वीस फुटांचे. एक पट्टा भिजला की पाईप सोडवून दुसऱ्या पट्ट्यात न्यायचे. सोडवलेल्या पाईपात पाणी साचलेले असते, कधी उंदीर, कधी गाळ. म्हणून पाईप एका टोकाने उभा करून झटकायची सवय. आता जुना नियम काय सांगतो ते पहा. रस्ता सोडून इतरत्र, म्हणजे शेतातून जाणारी अकरा हजारांपर्यंतची उघडी तार जमिनीपासून किमान ४.६ मीटर उंच असावी. साडेचार मीटरवर तार, आणि खाली सहा मीटरचा पाईप उभा! जुने अॅल्युमिनियमचे पाईप अजून अनेक मळ्यांत आहेत. नवे काळे प्लास्टिकचे; पण तेही आतबाहेर ओले, आणि धरणाऱ्याचे पाय काळ्या मातीच्या चिखलात. त्यात शेतातल्या तारा उन्हाने ताणून लोंबलेल्या. वाऱ्यात एकमेकींना भिडू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये लाकडाचे तुकडे अडकवलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत.

आणि हे सारे चालते रात्री. शेतीची वीज पाळीने मिळते, रात्रीच्या पाळीत मध्यरात्रीनंतर मोटार चालू करून अंधारात पाईप बदलणारा माणूस वरची तार पाहणार कशाने? शेतकरी दिवसा वीज मागतात तेव्हा साप-विंचवाची, थंडीची गोष्ट निघते. या उभ्या पाईपाचीही निघायला हवी. सौर कृषी वाहिनीच्या योजनेची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली ती दिवसा वीज देण्यासाठीच. ज्या शिवारात ती पोहोचली तिथे निदान तार दिसेल. तोवर पाईप आडवाच उचलावा, दोघांनी दोन टोके धरून न्यावा, आणि तारेखाली तो कधीही उभा करू नये. पाईप सोडवायची जागाच तारेपासून दूर धरावी, हे त्याहून चांगले.

आम्हा मध्यमवयीन लोकांना अॅन्टेनाचे दिवस आठवतात. १९८७ साली रामायण सुरू झाले आणि घरोघरी लोखंडी नळीवर अॅल्युमिनियमच्या काड्या चढल्या. रविवारी सकाळी चित्र हलले की एक जण गच्चीवर नळी फिरवायचा, दुसरा खालून ओरडायचा, ‘‘आलं, आलं... गेलं!’’ त्या आरडाओरड्यात तारेकडे बघायला कुणाला सवड होती? अॅन्टेने गेले. गुढ्या आहेत, पाडव्याला गच्चीवर तांब्याचा गडू वर धरून उभ्या राहणाऱ्या. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारीला शाळेत उभे होणारे लोखंडी ध्वजदंड आहेत. मिरवणुकीतले उंच झेंडे आणि कमानी आहेत. तमिळनाडूत तंजावरजवळ एप्रिल २०२२ मध्ये मंदिराच्या रथाचे उंच शिखर वरच्या तारेला लागले आणि ११ माणसे गेली, त्यांत मुलेही होती. विजेच्या धक्क्याने आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत दरसाल दहा हजारांहून अधिक माणसे मरतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे सांगतात. त्यांतल्या किती जणांच्या हातात काठी होती, याची निराळी नोंद होत नाही.

मग खिडक्या पुसायच्याच नाहीत काय, असे आमच्या घरून विचारणा झाली. पुसाव्यात की! सरकती काच बहुधा उचलून आत काढता येते. आत घेऊन जमिनीवर ठेवून धुवावी. जी निघत नाही ती हात पोहोचेल तेवढीच पुसावी. काठी लागलीच तर बाहेर पडून आधी वर आणि मागे नीट पाहावे, तार कुठे आहे ते बोटाने दाखवावे, आणि एकाने नुसते तारेकडे पाहत उभे राहावे. तीन तारा आणि त्यांच्याखाली मोठ्या चिनी मातीच्या चिमण्या दिसल्या तर ती बहुधा अकरा हजारांची लाईन समजावी. पण ओळखण्यात चूक होऊ शकते, तेव्हा सगळ्याच तारा जिवंत आणि जहाल धराव्यात. तारेवर काळे आवरण दिसते म्हणून विसंबू नये. उन्हापावसाने ते तडकलेले असते. रंगकाम मोठे असेल, पराती तारेजवळ बांधायच्या असतील, तर वीज कार्यालयात लेखी अर्ज करून तेवढा वेळ लाईन बंद करून घ्यावी. ‘आत्ता लाईट गेलेली आहे, तेवढ्यात उरकून घेऊ’ हा विचार सर्वांत वाईट. ती यायला क्षण लागतो, आणि येताना ती कुणाला विचारून येत नाही.

आणि तरीही घडलेच, तर पहिली ऊर्मी येते ती धावत जाऊन माणसाला ओढण्याची. एकाच्या जागी दोन प्रेते होतात ती या मायेपोटी. रस्त्यावरच्या तारेचा मामला असेल तर काठीनेही शिवू नये. १९१२ वर किंवा जवळच्या उपकेंद्रात फोन करून लाईन बंद करवावी, १०८ ची गाडी बोलवावी. तार तुटून जमिनीवर पडली असेल तर भोवतालची जमीनही विजेने भारलेली असते. तिच्यापासून निदान तीस-पस्तीस फूट लांब राहावे, आणि जवळ असलोच तर लांब ढांगा न टाकता पाय जुळवून सरकत बाहेर पडावे. तार गाडीवर किंवा ट्रॅक्टरवर पडली तर, आग लागली नसेल तोवर, आतल्याने आतच बसून राहावे. लाईन खात्रीने बंद झाली, की मग मात्र क्षण घालवू नये. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोराने, भराभर दाबत राहावे, गाडी येईपर्यंत. आणि माणूस उठून बसला, ‘काही नाही झाले’ म्हणाला, तरी दवाखान्यात न्यावेच. बाहेर कातडीवर टिकलीएवढा डाग आणि आत हातभर स्नायू जळालेला, असे विजेचे असते. काकूंच्या बोटांचे तसेच झाले. पहिल्या दिवशी ती नुसती काळी पडलेली दिसत होती.

यंदा त्यांच्याकडे गेलो तर सुनेने खिडक्यांच्या काचा काढून न्हाणीघरात उभ्या करून ठेवल्या होत्या. वरची एक पक्की बसवलेली काच तेवढी निघत नाही. तिच्यावर दोन पावसाळ्यांचे ओघळ स्पष्ट दिसतात. मी तिकडे पाहतो आहे हे काकूंच्या लक्षात आले. ‘‘ती तशीच राहते,’’ त्या म्हणाल्या, आणि उरलेल्या तीन बोटांत कप धरून त्यांनी चहा पुढे केला. घरी येऊन मी आमचा बांबू करवतीने साडेतीन हातांवर कापला. उरलेला तुकडा परसात वालाच्या वेलाला लावून दिला आहे.